एम१४ प्लगची सकाळची झिरप : ओ-रिंग बदलाच्या नोंदी

३ डिसेंबर २०२४

जळगाव जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातून सकाळी सातलाच फोन. दिवाळीआधी आपण भोसरीच्या कारखान्यातून त्यांच्या हायड्रॉलिक प्रेससाठी पाठवलेल्या मॅनिफोल्ड ब्लॉकच्या (ज्याच्या आतल्या भोकांतून प्रेसचं तेल फिरतं तो ठोकळा) दोन प्लगांखाली रोज पहाटे तेल दिसतं. दिवसा प्रेस चालू असताना काही नाही. त्यांच्या फिटरभाऊंनी दोन्ही प्लग आणखी आवळले, तरी फरक नाही.

ब्लॉकची माहिती इथे लिहून ठेवतो. एसजी आयर्न (चिवट बिडाचा प्रकार), जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह २५० बारला, आपल्याकडे ३७५ बारला दहा मिनिटं टेस्ट केलेला, टेस्टच्या कागदावर माझीच सही. आडवी भोकं बंद करायला बावीस प्लग एम१४×१.५चे (आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १.५) आणि चार एम२७×२चे. सगळे पोर्ट आयएसओ ६१४९ पद्धतीचे, म्हणजे तोंडाशी तिरकस खोबण आणि तिच्यात ओ-रिंग, रबराची गोल कडी.

थेंबभर तेलासाठी एवढी धावपळ कशाला, असं इथे एकाने विचारलं. तिथे १७० किलोची गाठ बांधली जाते. रुईवर तेलाचा एक डाग पडला की सूतगिरणीत ती गाठ अडते. हंगाम ऐन भरात आहे आणि शेठ एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत, त्याचाच जास्त भार वाटतो. उद्या रात्रीच्या गाडीने निघतो.

५ डिसेंबर

पहाटे साडेसहाला प्रेसजवळ पोचलो. ब्लॉकवर हात ठेवला तर बर्फासारखा. टाकीतल्या तेलाचं तापमान १३ अंश. गळणारे दोन्ही प्लग तेल टाकीकडे परत नेणाऱ्या टँकच्या वाटेवरचे, म्हणजे जिथे कधीच मोठा दाब येत नाही तिथले. दाबाच्या बाजूचे सगळे कोरडे. बोट फिरवून एकेक तपासला.

हे मनात उलटं बसत होतं. २५० बारचे प्लग कोरडे आणि बिनदाबाचे ओले!

इथे टाकी वरच्या माळ्यावर आहे, ब्लॉकपासून अंदाजे दीड मीटर उंच. म्हणजे प्रेस बंद असली तरी टँक लाइनमध्ये तेवढ्या तेलाचं वजन रात्रभर उभं असतं. हिशोब केला तर ०.१३ बार. फुंकर मारण्याइतका दाब. त्यात थंडीत हे ६८ ग्रेडचं तेल काकवीसारखं घट्ट होतं. इतकं घट्ट तेल इतक्या कमी दाबाला बाहेर येतंय, म्हणजे वाट खरोखर उघडी आहे.

एका प्लगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली निघाली. भाऊंना समजावून सांगितलं की सरळ आट्यांच्या प्लगला टेपचा उपयोग नसतो, कारण इथे आटे सील करत नाहीत, ते फक्त धरून ठेवतात. टेपचा तुकडा सुटून स्पूलमध्ये (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्यात) गेला तर व्हॉल्व्ह अडकेल. भाऊंनी लगेच ऐकलं, उरलेले प्लग स्वतःच पुसून तपासले. माणूस हाताने फार चांगला आहे.

दोन्ही प्लगना पिशवीतल्या नव्या रिंगा घातल्या, टॉर्क रेंचने ४५ न्यूटन-मीटरला बसवले. जुन्या रिंगा पाकिटात घालून परत आणतोय. संध्याकाळपर्यंत कोरडं.

७ डिसेंबर

काढलेल्या रिंगा प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावल्या, जो वस्तूची सावली मोठी करून हात न लावता माप दाखवतो. व्हर्निअरने रबर मोजू नये, जबडे लागताच ते दबतं आणि आपल्याला हवं तेच माप दाखवतं. दोन्हींची जाडी १.९३ मिलिमीटरच्या आसपास, एका बाजूला सपाट पट्टा आलेला. चिरा नाहीत, कडा कुरतडलेली नाही, फुगवटा नाही. कडकपणाही हवा तसाच.

माझा तर्क असा झाला की रबराचं कंपाउंड हलकं आहे आणि गरम तेलात रिंग कायमची चपटी झाली. २.२ची रिंग १.९३वर आली म्हणजे फारच वाईट रबर. पुरवठादाराला पत्राचा मसुदा लिहून ठेवला.

१० डिसेंबर

पहाटे भाऊंचा फोन. तेच दोन प्लग पुन्हा ओले, पाचव्याच दिवशी.

पत्र पाठवायच्या आधी एक गोष्ट करायला हवी होती, ती आज केली. स्टोअरच्या पाकिटातली न वापरलेली, कोरी रिंग प्रोजेक्टरवर ठेवली. जाडी १.९८, आतला व्यास ११.९च्या जवळ.

आपली रिंग ११.३×२.२ हवी (आतला व्यास × जाडी, मिलिमीटरमध्ये). ही ११.८९×१.९८, म्हणजे एएस ५६८ या ओ-रिंगांच्या अमेरिकी यादीतली ९०६ नंबरची, ९/१६-१८ आट्यांच्या (व्यास ९/१६ इंच, इंचाला १८ आटे) अमेरिकी पोर्टसाठीची. रबरात काही दोष नव्हता. मसुदा फाडला. माझ्या पिशवीतल्या रिंगाही त्याच पाकिटातल्या, म्हणजे पाच तारखेला मी चूक काढून तीच चूक परत बसवून आलो. भाऊंना फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं.

बहुधा बावीसच्या बावीस प्लगांवर हीच रिंग आहे.

११ डिसेंबर

रात्री बसून हिशोब केला. इथे सविस्तर लिहितो, कारण हातात घेतल्यावर या दोन रिंगांतला फरक कळत नाही. शेजारी शेजारी ठेवल्या तरी डोळा फसतो. जाडीतला फरक ०.२२ मिलिमीटर, साधारण दोन कागदांएवढा.

पण रिंग जाडीने काम करत नाही, रबराच्या आकारमानाने करते. ११.३×२.२च्या रिंगेत साधारण १६१ घन मिलिमीटर रबर असतं, ९०६मध्ये १३४. सतरा टक्के माल कमी.

दुसरी गोष्ट प्लगच्या मानेची. डोक्याखाली जिथे रिंग बसते तो भाग ११.७ व्यासाचा आहे. ११.३ची रिंग तिथे साडेतीन टक्के ताणून बसते, मानेला धरून राहते. ११.८९ची रिंग तिथे सैल, बोटाने फिरते. असेंब्ली करणाऱ्याला ती 'सहज बसते' म्हणून उलट बरीच वाटते.

तिसरी आणि मुख्य गोष्ट खोबणीची. पोर्टचं तोंड १५.८ व्यासाचं आणि तिथून आत १५ अंशाने निमुळतं. मान आणि हा उतार यांच्यामधली फट तोंडाशी २.०५ आणि आत जाईल तशी अरुंद. ताणामुळे योग्य रिंगेची जाडी २.१६च्या आसपास राहते. डोक्याच्या तळाला टेकून ती बसली की तिच्या मध्याशी फट १.७५५ मिलिमीटर. म्हणजे रिंग ०.४ मिलिमीटर दबते, एकोणीस टक्के. ९०६ बसवली तर तिच्या मध्याशी फट १.७८५, दाब ०.१९५, जेमतेम दहा टक्के. आपल्याकडे अशा न हलणाऱ्या जोडाला पंधरा ते तीस टक्के धरतात.

ओ-रिंगचं पेटंट ज्याच्या नावावर आहे तो नील्स क्रिस्टेन्सन डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला यंत्रज्ञ. १९३७ साली अर्ज केला तेव्हा वयाची सत्तरी उलटलेली, पेटंट मिळालं १९३९ला. त्याने नुसती रिंग मांडली नव्हती, रिंग आणि तिची खाच अशी जोडी मांडली होती. आज हिशोब करताना त्या जोडीचा अर्थ नीट समजला. पोर्ट ज्या रिंगेसाठी कापला, तीच रिंग त्याची.

१३ डिसेंबर

एक गोष्ट हिशोबाने सुटत नव्हती. रिंग चुकीची तर ३७५ बारच्या टेस्टमध्ये ब्लॉक पास कसा झाला? कागदावर माझी सही आहे, म्हणून उत्तर मलाच शोधायला हवं.

कारण रबराच्या स्वभावात आहे. ते दाबून लहान होत नाही, दाबलं की तेलासारखं सगळीकडे तो दाब पोचवतं. आट्यांमधून तेल आलं की ते रिंगेला वर ढकलतं, प्लगच्या डोक्याचा तळ आणि पोर्टचा उतार यांच्या कोपऱ्यात. तेलाचा दाब जितका जास्त तितकी रिंग तिथे जास्त रेटली जाते. बसवताना रिंग दबते तो सुरुवातीचा दाब अधिक तेलाचा दाब, अशी तिची पकड असते. म्हणून २५० बारला ती तेलाच्याच जोरावर तेल अडवते. डोकं ब्लॉकला धातूला धातू टेकलेलं असल्याने रबराला बाहेर सरकायलाही फट नाही.

०.१३ बारला मात्र तेल काहीच मदत करत नाही. तिथे रिंगेची स्वतःची पकड तेवढीच. ती संपली की झिरप.

म्हणजे आपली टेस्ट सर्वांत सोप्या परीक्षेची होती. मोठ्या दाबाला टिकलं म्हणजे लहान दाबाला टिकेलच, हे आम्ही सगळे गृहीत धरत आलो.

कोऱ्या रिंगा (दोन्ही मापांच्या) १०० अंशाच्या तेलात, पोर्टमध्ये बसवलेल्या अवस्थेत, सत्तर तास ठेवायला लावल्या.

१४ डिसेंबर

स्टोअरमध्ये शोध. गेल्या वर्षी अमेरिकन बनावटीच्या एका लोडरचा व्हॉल्व्ह दुरुस्तीला आला होता, त्यासाठी ९०६च्या रिंगांचं पाकीट आणलं होतं. उरलेलं पाकीट 'प्लग १४' असं लिहून त्याच खणात गेलं. स्टोअरचे काका गेली वीस वर्षं एकही नट इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. त्यांना हे फार लागलं. त्यांना म्हटलं, काका, ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, तुम्ही १४ लिहिलंत ते चूक नव्हतं. खणावर प्लगचं नाव लिहायची पद्धतच बरोबर नाही, रिंगेचं स्वतःचं माप लिहायला हवं.

खणातल्या दोन्ही रिंगा मिसळलेल्या होत्या. निवडायला काकांनीच युक्ती काढली, सराफी काटा. एकाच कंपाउंडच्या पन्नास रिंगा एकत्र वजन केल्या तर सतरा टक्क्यांचा फरक लपत नाही. एकेकीसाठी मात्र मानेवर घालून पाहणंच बरं. धरून बसली तर आपली, फिरली तर बाजूला.

एम२७ची खोकी उघडली तर तिथे वेगळंच. एम२७ची रिंग २३.६×२.९. जवळच्या अमेरिकी पोर्टची, १ १/१६-१२ची, ९१२ नंबरची रिंग २३.४७×२.९५. या दोघी जवळजवळ जुळ्या, अदलाबदल झाली तरी बहुधा कळणारही नाही. पण तिथे धोका आट्यांत आहे. व्यास २७ आणि २६.९९, पिच मात्र २ आणि २.११७. मेट्रिक प्लग अमेरिकी भोकात दोन-तीन आटे छान जातो आणि मग अडतो. कोणी जोर लावून पाना फिरवला तर आठ आट्यांत जवळपास एक मिलिमीटरची चूक साठते आणि आटे सोलून निघतात. अशा जोडाला दाब दिला तर प्लग गोळीसारखा सुटू शकतो. झिरप ही किरकोळ गोष्ट वाटावी इतकं हे गंभीर आहे. दोन्ही खोक्यांत पिच गेज दोरीने बांधून टाकला.

१७ डिसेंबर

सत्तर तास भरले. आता लहान दाबाची टेस्ट. पंप नको, पारदर्शक नळी भिंतीला १.७ मीटर उंच बांधली, तेल भरलं, खाली चार प्लगांचा टेस्ट ब्लॉक, तापवलेल्या दोन्ही मापांच्या रिंगांसह. सुमारे ०.१५ बार. हाताच्या मुठीत मावेल एवढा ब्लॉक असल्याने ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवता आला, नळी दाराच्या फटीतून. प्लगभोवती पांढरा टिपकागद.

१८ डिसेंबर

सकाळी चारही प्लगांचा टिपकागद कोरा, ९०६वाल्यांचासुद्धा.

मान्य करायला जड गेलं, पण लिहितो. चुकीची रिंग, तापवून चपटी केलेली, थंड केलेली, तरीही अडवते. म्हणजे फक्त रिंग चुकली एवढ्याने तिथली झिरप होत नाही. बावीस प्लगांपैकी दोनच का गळतात, हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवला होता. तोच खरा प्रश्न होता.

१९ डिसेंबर

व्हीएमसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या) दादाबरोबर जुने प्रोग्राम आणि टूलची वही काढून बसलो. ब्लॉकच्या पाच बाजूंचे पोर्ट फॉर्म टूलने झाले, जे टूल बैठकीचा सपाट भाग आणि उतार एकाच घावात कापतं. टँकच्या बाजूचे दोन पोर्ट दुसऱ्या सेटिंगला, दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी फॉर्म टूल धारेला गेलेलं. दादाने उतार वेगळ्या टूलने कापला. त्याने विचारलं होतं आणि मीच हो म्हटलं होतं, हे वहीतल्या माझ्या आद्याक्षरावरून दिसतं.

त्याच सेटिंगचा एक नमुना पोर्ट भंगारात टाकलेल्या तुकड्यावर सापडला. तोंडाचा व्यास १५.९६. ड्रॉइंग म्हणतं १५.८, वर ०.१ची सूट. उतार ०.३ने जास्त खोल गेला की तोंड तेवढं पसरतं. शिवाय उतारावर चॅटरच्या, म्हणजे कापताना टूल थरथरल्याच्या, बारीक लाटा, नखाला लागतात.

आता हिशोब जुळतो. तोंड ०.१६ने मोठं म्हणजे फट एका बाजूला ०.०८ने रुंद. ९०६च्या मध्याशी फट १.८६५ झाली, दाब उरला ०.११५, सहा टक्क्यांच्या आत. गरम तेलात महिनाभर राहून रिंग १.९३वर आली, तेव्हा पकड ०.०६५ मिलिमीटर. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पहाटेच्या थंडीत रबर आकसतं, पण दीड शतांश मिलिमीटरच. एकट्या थंडीला दोष देता येणार नाही, तिने शेवटचा धक्का दिला. एवढ्याशा पकडीत रबर चॅटरच्या लाटांमध्ये शिरत नाही आणि लाटांच्या दऱ्यांतून तेल चालत येतं.

योग्य रिंग याच बिघडलेल्या पोर्टमध्ये असती तर? सुरुवातीचा दाब ०.३२५. त्याच प्रमाणात चपटी झाली तरी ०.१८ उरले असते. २.२ची जाडी ठरवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांच्या चुका धरूनच ठरवली असावी असं वाटतं. दोन चुका होत्या, त्यांपैकी कुठलीही एक रिंगेने पोटात घातली असती.

२० डिसेंबर

१५.९६च्या तुकड्यावर काढलेली जुनी रिंग बसवली, फ्रिज, १.७ मीटर तेल. सकाळी टिपकागदावर अर्धचंद्रासारखा डाग. त्याच पोर्टमध्ये ११.३×२.२, तापवलेली, कागद कोरा.

टॉर्कही तपासला. जुन्या रिंगेवर ४५ऐवजी ६० दिला, डाग तसाच. डोकं एकदा ब्लॉकला टेकलं की रिंगेची जागा ठरून गेली. त्यापुढचा सगळा जोर प्लगच्या आट्यांना आणि मानेला ताणतो, रिंगेपर्यंत पोचत नाही. भाऊंनी आवळूनही का थांबलं नाही, ते दिसलं. डोकं टेकवणं आणि धक्क्यांनी सुटू न देणं, टॉर्कचं काम इतकंच.

२४ डिसेंबर

ड्रॉइंगच्या साच्यात बदल. प्रत्येक पोर्टशेजारी आता आट्यांबरोबर रिंगेचं मापही येईल. उतार फक्त फॉर्म टूलने, टूल नसेल तर ब्लॉक थांबेल. तोंडाच्या व्यासाला जा-नको गेज करायला दिला. एम१४×१.५चे आटे तर सपाट बैठकीच्या पोर्टलाही असतात, ज्यात उतार नसतो आणि डोक्याखालची चौकोनी सील चालते. तिथे आपला ओ-रिंगवाला प्लग लावला तर रिंगेला जागाच नसते, ती डोक्याखाली चिरडते. त्यासाठी ड्रॉइंगवर पोर्टचा प्रकार अक्षरात लिहायचा, नुसत्या आट्यांवर सोडायचा नाही.

टेस्टचा कागद बदलला. आधी नळीची टेस्ट, रात्रभर. मग ३७५ बार. क्रम महत्त्वाचा आहे. मोठा दाब आधी दिला तर तो रिंगेला कोपऱ्यात रेटून बसवतो आणि नंतरची लहान दाबाची परीक्षा सोपी होते.

रिंग चढवताना आट्यांवर पातळ प्लास्टिकची टोपी घालायची, आट्यांच्या धारेने रबराला ओरखडा येतो. मशीनचंच तेल बोटाने लावायचं. हे आधीही माहीत होतं, करत नव्हतो.

२ जानेवारी २०२५

पुन्हा तिथे. शेठनी रविवारी नाही, पण आज अर्धा दिवस प्रेस थांबवून दिली. हंगामात अर्धा दिवस म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगायची गरज नव्हती.

बावीसही प्लग उघडले. बावीसही रिंगा ९०६च्या. दाबाच्या बाजूच्या रिंगा वरच्या कोपऱ्याच्या आकाराच्या झालेल्या, धार आलेल्या, पण शाबूत. टँकच्या दोन पोर्टांचा उतार हाताने, ओल्या आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने, गोल दिशेत साफ केला. लाटा पूर्ण गेल्या नाहीत, नखाला लागणं थांबलं. आत कण जाऊ नये म्हणून भोकात ग्रीसचा बोळा, नंतर काढून पुसून घेतलं.

नव्या रिंगा भाऊंनी स्वतः चढवल्या. पहिलीच मानेवर घालताना म्हणाले, "ही धरते, साहेब. ती धरत नव्हती." शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात पान्याला रबराचा अटकाव लागतो, तोही त्यांनीच दाखवला. चार एम२७ प्लगांचे पिच तपासले, बरोबर.

३ जानेवारी

पहाटे सहा. तेल ११ अंश. टिपकागद कोरा.

१८ जानेवारी

भाऊंनी रोज पहाटेचा फोटो पाठवायचा ठरवलं होतं, पाठवतात. पंधरा फोटो, पंधरा कोरे कागद. महिना उलटून रिंग थोडी चपटी होईल, खरी परीक्षा तेव्हा. म्हणून फोटो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालू ठेवायची विनंती केली.

दिवाळीआधी त्याच सेटिंगच्या आठवड्यात आणखी एक ब्लॉक गेला आहे, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. तिथे टाकी खाली आहे, टँक लाइनवर रात्री दाब राहत नाही, तक्रार नाही. तरी उद्या त्यांना फोन करून रिंगा बदलायला येतो म्हणून सांगायचं आहे. बावीस रिंगा, टोपी आणि टिपकागद बॅगेत भरून ठेवले.